अकरा तास, सात कण

अकरा तासांत सात.
पडद्यावर बोट ठेवून पुन्हा मोजले.
सातच.

अपेक्षा तीनशेंची होती.
दिसत्या प्रकाशात हा क्वेसार चांगला ठणठणीत,
हजार कोटी वर्षं चालून येऊनही निळा,
जणू काही झालंच नाही.
क्ष-किरणांत विचारलं, की गप्प.
आणि वर्णपटात जिथे उंच सुळके हवेत
तिथे नुसता माळ.

आमची दुर्बीण लांबोळक्या कक्षेत फिरते,
पृथ्वीजवळ येताना डोळे मिटून घेते.
तिचे आरसे म्हणजे एकात एक बसवलेली
सोन्याच्या मुलाम्याची नळकांडी.
क्ष-किरण समोरून आदळला तर परतत नाही, आत घुसतो.
त्याला तिरकं घ्यावं लागतं,
पाण्यावर दगडाच्या भाकऱ्या काढाव्यात तसं,
पृष्ठाला जेमतेम चाटू देत.

इथे खाली, माद्रिदच्या पश्चिमेला,
वाळलेलं गवत, बुटके ओक,
पडक्या बुरुजावर करकोच्याचं घरटं.
रात्रपाळीचा एउलोहियो कॉफी घेऊन येतो.
"आलं का काही?"
"सात."
"सात हजार?"
"सात."
तो कप खाली ठेवतो, आवाज न करता,
आजाऱ्याच्या खोलीत ठेवतात तसा.

पहिला आला चाळिसाव्या मिनिटाला.
मग तीन तास कुणीच नाही.
मग दोन, लागोपाठ;
मी उगीच त्यांना बहिणी म्हटलं.
शेवटचा, दुर्बीण मान वळवणार त्याच्या जरासा आधी.
यांतले दोन बहुधा आमचे नव्हेतच,
भलतीकडून आलेले, वाट चुकून पंगतीत बसलेले.
कोणते दोन, सांगता येत नाही.
सगळ्यांनाच वाढावं लागतं.

फेर्मीन म्हणाला, दिशा चुकली असेल.
दिशा बरोबर होती.
म्हणाला, सूर्याने गोंधळ घातला असेल.
सूर्य त्या दिवशी शहाण्यासारखा वागला होता.
मग म्हणाला, यात छापण्याजोगं काय आहे, इराइदे?

बेर्मेओला आईला फोन केला.
चाळीस वर्षं तिने बंदरावर जाळी सांधली,
आता बोटं वळत नाहीत.
"तुझे वडील," ती म्हणाली, "रिकामे आले तरी
वहीत तारीख घालायचे, वारा लिहायचे, पुढे शून्य.
मी चिडायचे, शून्यापायी शाई कशाला नासता?
तर म्हणायचे, नाही लिहिलं
तर गेलोच नव्हतो असं दिसेल."

मी लिहिलं.
इतक्याहून उजळ नाही, एवढंच ठामपणे.
बाकी अंदाज:
कृष्णविवराभोवतीची चकती आतल्या काठाशी फुगली असावी,
आणि आम्ही नेमके तिच्या आडोशाला.
चूल पेटलेली आहे,
मध्ये कुणीतरी पाठमोरं बसलंय.
"असावं" हा शब्द चार ठिकाणी आला.
पाचवा फेर्मीनने घातला.

पुन्हा वेळ मागितला. नकार.
पुन्हा. नकार; एका परीक्षकाने सात हा आकडा
अवतरणात टाकला होता.
सहा वर्षांनी नऊ तास मिळाले.
एउलोहियो तेव्हा निवृत्त झालेला,
कॉफी माझी मलाच आणावी लागली.
बुरुजावर वेगळे करकोचे, किंवा तेच.

तीनशे बारा.

ओरडावंसं वाटलं नाही.
पाठमोरं जे होतं ते उठून गेलं होतं,
केव्हा, ते आम्ही बघत नव्हतो तेव्हा.
मला ते सात आठवत राहिले,
विशेषतः त्या बहिणी.

आईने आकडा ऐकला, मग विचारलं,
"वारा कुठला होता?"
हसणार होते. पण तिथे वारा असतोच,
चकतीवरून सुटतो, प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाच्या वेगाने,
कदाचित आडोसा त्यानेच हलवला.
"आमच्याकडे तोंड करून," मी म्हटलं. "बहुतेक."

"मग बहुतेक असंच लिही," ती म्हणाली,
आणि तिकडे कुणीतरी दार वाजवलं म्हणून
फोन तसाच ठेवून गेली.
मी ऐकत बसले.